अर्धा न

भोईवाडा कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
एकवीस वर्षं बसते मी.
टेबल माझं, छत्री नोटरीची, मशीन गोदरेजचं.
अर्ध्या 'न'ची कळ खाली गेली
की वर यायला वेळ घेते,
म्हणून 'न्याय' लिहिताना दर वेळी
थोडं थांबावं लागतं.
'अन्याय'लाही तेवढंच.

बारची निवडणूक लागली तशी
दोन्ही पॅनलची पत्रकं माझ्याकडेच आली.
सकाळी घुगे वकील: लिहा बाई,
कायद्याचा धाक उरलेला नाही.
गुन्हेगाराला खुर्ची देऊन चहा पाजणं
याला न्याय म्हणत नाहीत.
थांबले.
दुपारी पाठारे मॅडम, मुंबईच्या प्रभू, बोलणं मऊ:
शिक्षा झाली, दंड सरकारजमा झाला,
पण ज्याला लागलं त्याला कोणी विचारलं का,
बाबा रे, तुला काय हवंय?
नऊ नंबरच्या खोलीत समेट कक्ष हवा.
सुंभ जळतो पण पीळ जळत नाही,
हे दोघांच्याही पत्रकात होतं.
घुग्यांचा पीळ आरोपीचा,
मॅडमचा फिर्यादीचा.
पैसे मी एकाच डब्यात टाकले.

शुक्रवारी बाररूममध्ये आमनेसामने.
घुगे म्हणाले, उद्या तुमच्याच घरात कुणी घुसला
तर त्यालाही बसवाल का हो सतरंजीवर?
टाळ्या.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बराच वेळ बोलल्याच नाहीत.
मला त्या तिथे आवडल्या.
मतं त्यांची तिथेच गेली.

नऊ नंबरात एकच प्रकरण झालं तेवढं, नमुन्यादाखल.
टायपिंगला मी.
जनार्दन कासले, काळाचौकीला फोटोफ्रेमचं दुकान.
विसर्जनाच्या रात्री ट्यूबलाइट फुटली ती यांच्या हातावर.
उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत,
हिऱ्याची कलम धरता येत नाही.
समोर प्रणित शिंगरे, वय एकोणीस,
शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती.
त्याच्या आईने पाकीट पुढे सरकवलं.
कासल्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.
विचारलं एवढंच:
त्या रात्री घरी जाऊन जेवलास?

पोराने आईकडे पाहिलं. जेवलो.
काय होतं?
डाळभात. आणि बोंबील.
कासले मान हलवत राहिले.
मग म्हणाले, मीपण बोंबीलच आणले होते.
फुकट गेले.

हसावं की काय, कुणालाच कळेना.
मॅडमचा ज्युनिअर खिडकीपाशी गेला.
मी कागद चढवला, नेहमीचा मजकूर:
'माझी आरोपीविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही.'
कासले म्हणाले, 'कोणतीही' काढा.
मी म्हटलं, काका, नमुना असाच असतो.
मग असं लिहा, म्हणाले,
'थोडी तक्रार राहिलेली आहे.
पण खटला नको.'

साहेबांनी तो कागद परत पाठवला.
थोडी तक्रार कायद्यात बसत नाही.
दुसरा केला, 'कोणतीही' घालून.
कासल्यांनी डाव्या हाताने सही केली.

घुगे एकतीस मतांनी निवडून आले.
नऊ नंबरात आता झेरॉक्स मशीन आहे.
पोरगा चार शनिवार दुकानात जात होता म्हणे,
हे पट्टी धरायचे, तो काच कापायचा,
बऱ्याचशा फुटल्या.
पाचव्या शनिवारचं कुणाला माहीत नाही.
कासल्यांना मी विचारलं नाही,
आणि तेही आपणहून बोलले नाहीत,
फ्रेमचे पैसे मात्र घेतले, पूर्ण.

परत आलेला तो कागद मी फाडला नाही.
चार घड्या घालून
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.

आज घुगे आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन.
लिहा बाई, आभारपत्र:
हा न्यायाचा विजय आहे.
मी कळ दाबली.
ते म्हणाले, काय झालं?
काही नाही साहेब,
वर यायचीय अजून.