खिडकी नंबर सात

मेडिकलच्या ओपीडीत, खिडकी नंबर सातला
मी नावं टाइप करते.
कंत्राटी आहे. एजन्सीच्या ओळखपत्रावर फोटो माझाच,
पण प्रज्ञाशीलाचं त्यांनी 'प्रज्ञा शिळा' करून टाकलं.
तीन वर्षं झाली, मीही दुरुस्त करायला गेले नाही.

मे महिन्यात सकाळी आठलाच काच तापते.
पंखा आहे, पण तो कॉम्प्युटरकडे वळवलेला.
माणूस बंद पडला तर चालतं.

रांगेत अर्धा नकाशा उभा असतो:
बालाघाट, छिंदवाडा, कोरची, तुमसर,
आणि इतवारीहून स्कूटरवर आलेले एक काका,
"मॅडम, जरा अर्जंट हाये ना."
सगळ्यांचंच असते, काका.

त्या दिवशी दोगे पुंगाटी आला,
पाठीवर पोरगी, मैनी.
भामरागडच्याही पलीकडचं गाव. यादीत नाही.
यादीत नसलेलं गाव 'इतर'मध्ये टाकायचं.
आजवर मी इतरमध्ये टाकलेल्या गावांचा
एखादा तालुका सहज झाला असता.

प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते.
उपकेंद्राने ग्रामीणला लिहिलेला,
ग्रामीणने जिल्ह्याला, जिल्ह्याने आम्हाला.
शाई वेगळी, अक्षर वेगळं, ओळ एकच:
पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत.
पुढील पुढील करता करता
गठ्ठा जाड होत गेला अन् पोरगी बारीक.

"वय?" मी विचारलं.
त्याला मराठी येईना, मला माडिया येईना.
बोटांनी विचारलं. तो बोटांकडे बघत राहिला.
मग त्याने हात आडवा धरला,
जमिनीपासून इतका, छातीच्या खाली.
वयाच्या रकान्यात उंची बसत नाही.
मी अकरा लिहिलं.
सर्व्हर गेला. आला. पुन्हा अकरा लिहिलं.

'तक्रार' म्हणूनही एक रकाना आहे.
मैनी रडत नव्हती. ओठ दातांत धरून
ती माझ्या स्टेपलरकडे बघत होती.

मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन थांबली लाइन?"
मी कॅन्टीनमधून सैनूला बोलावलं.
कप धुतो, एटापल्लीचा आहे.
ओल्या हातांनीच आला, खिडकीपाशी वाकून
खूप वेळ तिचं ऐकलं,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ताई, हाडाच्या आतमंधी बसून
कोणीतरी मोह कुटून राहिलं म्हणते.
रात्रीबी थांबत नाही म्हणते."

मी तसंच टाइप केलं. हाडात मोह कुटतात.
पंचवीस अक्षरांच्या पुढे मशीन घेत नाही,
पण तेवढं बसलं.

कागदांच्या तळाशी कार्ड होतं, सिकलसेलचं.
एसएस.
माझ्या पर्समध्येही एक आहे, एएस.
पाचपावलीच्या मुलाचंही एएसच निघालं होतं,
साखरपुडा झाल्यावर.
त्याची आई म्हणाली, कार्डानं का होते बाप्पा?
मला ठाऊक होतं का होते.
ते रोज सातव्या खिडकीशी येऊन उभं राहते.
अंगठी मी परत केली. फ्रॉकचं कापड मात्र
आधीच घेऊन ठेवलं होतं, वेडी,
ते अजून कपाटात आहे.

वरच्या वॉर्डात एका खाटेवर दोघी, तशी जागा मिळाली.
तीस तास जागा असलेला डॉक्टर तक्रार वाचून हसला नाही,
सैनूने नंतर सांगितलं.
"मोह कुटतात? बरोबर लिवलं," म्हणाला,
आणि सलाईन स्वतः लावली.
रक्ताच्या बाटलीसाठी बदली रक्त मागितलं.
दोगेचं जुळलं नाही. सैनूने दिलं.
दुपारी तो पुन्हा कप धूत होता.

मधे काही महिने गेले. किती नावं झाली, मोजली नाहीत.
परवा काचेवर टकटक झाली.
दोगे. बाजूला पोरगी, स्वतःच्या पायांवर उभी.
नियम आहे, प्रत्येक वेळी विचारायचंच:
"वय?"
त्याने हात आडवा धरला.
मैनीने तो धरून
दोन बोटं वर सरकवला.

मी अकराच ठेवलं.
मागे रांग होती.