तुरळक ठिकाणी

मुंबईहून येणाऱ्या कागदावर आमचं गाव नसतं.
'दक्षिण कोकणात हवा उष्ण व दमट.
तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या सरी.'
एप्रिल ते जून, तीन महिन्यांचं भविष्य
साडेतीन ओळींत.
मी ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उतरवते
आणि खडू बोटांनाच चिकटून राहतो,
इतकी ओल.

फळ्याखाली टेकलेला इनास डिसोजा विचारतो,
"बाय, ह्या तुरळक खंय येता गो?
वेंगुर्ल्याच्या अल्याड काय पल्याड?"
माडावर चढणारा माणूस.
चेष्टा करतोय की खरंच विचारतोय
ते कळू देत नाही.

अकरा वर्षं मी ही पेटी उघडते,
सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच.
पांढऱ्या झडपांच्या आड दोन पारे शेजारी.
एक कोरडा. दुसऱ्याला मलमलीची ओली चिंधी,
तापात कपाळावर ठेवतात तशी.
दोघांत जेवढं अंतर तेवढी हवेला तहान.
वैशाखात ते मिटत जातं:
चौतीस, एकोणतीस.
तेहतीस, तीस.
चिंधी ओलीच राहते, पारा निवत नाही,
पाठीवरचा घामही नाही.
शास्त्र एवढंच. बाकीचं
सुलभा गिरप मिठाच्या बरणीत बघते.

तिच्या आमसुलांना सात पुटं द्यायची असतात,
चौथ्यावर अडकलीत.
बोटं जांभळी, कपाळावरही जांभळा पट्टा, घाम पुसल्याचा.
"ऊन आसा गो, पण सुकवणारा ऊन नाय."
हे मी नोंदवहीत
कुठल्या रकान्यात लिहू?

बुधवारी चार वाजता आंबोलीच्या अंगाला
ढग उभा राहिला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा,
बुडाशी मात्र तव्याचा काळा.
वारा पडला. झावळ्या थिजल्या.
साडेपाचला मी लिहिलं: वारा शांत.
सहा दहाला तो उलटा फिरला,
जमिनीकडून समुद्राकडे,
करवंदांचा आणि धुळीचा वास घेऊन.
सुलभाची ताडपत्री गेली, पाठोपाठ लाइट.
मी वीज आणि गडगडाट यांच्यामध्ये आकडे मोजत बसले,
नऊ. सहा. चार.
मग मोजायला काही उरलंच नाही,
दोन्ही एकदम आले.

इनासच्या परड्यातला माड
शेंड्याशी वातीसारखा पेटला
आणि पाऊण तास जळला. विझवायला
पाऊस काही आला नाही.
सकाळीच तो त्यावरून उतरला होता,
अठ्ठावीस नारळ पाडून.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पर्जन्यमापक उघडला.
तळाला नुसती ओल, मापात ओतण्याएवढीही नाही.
अशा वेळी आकडा लिहायचा नसतो.
मी लिहिलं: अल्प.
शेरा: पूर्वेला विजा. गडगडाट, सहा दहा ते सात.
माडाला रकाना नाही.

इनास आला. हातात करपलेली पोय.
फळ्यासमोर उभा राहिला, कालची ओळ
बोट लावून वाचली.
"गावला," म्हणाला, "तुरळक.
माज्या न्हाणयेच्या मागे आसा."
मी हसले नाही. तोही नाही.
पोय त्यानं पायरीवर ठेवली, मला द्यायची असल्यासारखी,
आणि कोयता परजायला निघून गेला.

कागद पुन्हा आला होता, शब्दाला शब्द तोच.
मी फळा पुसला, तेच लिहिलं.
चिंधी बदलायचा वार होता,
जुनी खाऱ्या वाऱ्यानं कडक झालेली.
परतताना सुलभा दिसली,
पाचव्या पुटाला आमसुलं पसरत होती.
"किती?"
"कोरडा एकोणतीस."
"आणि ओला?"
अकरा वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं.
"सव्वीस."
वर न बघता ती उठली, आणि ताडपत्रीच्या
चारही कोपऱ्यांवर चिरे ठेवले.
मग थोडा विचार करून
मध्येही एक.