स्प्रिंग

थंडर बेमध्ये पारा उणे बावीस.
आइली कोस्केला वर्कशॉपात आली, पायीच.
हातात कंपनीचं पत्र, मुलाच्या नावचं:
'गाडी आणा. काम चाळीस मिनिटांचं, मोफत.
तोवर किल्लीला दुसरं काही अडकवू नका,
भाराने इंजिन चालता चालता बंद पडतं.'

गाडी कुठाय, मी विचारलं,
आणि विचारल्यावर आठवला पुलाचा कठडा.

ती म्हणाली, स्प्रिंग दाखव.

सकाळपासून सहा काढल्या होत्या. एक पुसून
तिच्या तळव्यावर ठेवली.
बॉलपेनात असते तेवढीच,
दीड मिलिमीटर आखूड.

तिने चिमटीत दाबली. सोडली.
पुन्हा दाबली.
'माझ्याच घराची किल्ली होती त्याच्या जुडग्यात,' म्हणाली.
'आणि सॉनाची. ती जाड, लोखंडी.'

बाहेर सातवी गाडी
हॉर्न वाजवत होती.