रास करू

डेक्कनला, तिसऱ्या मजल्यावर एजंटचं ऑफिस,
भिंतभर फुजी, आणि त्यावरचा बर्फ खरा वाटावा इतका एसी.
त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
टोकियो, एक वर्ष, अकरा लाख चाळीस.
मी पाणी पिऊन उठले.
उतरताना पायऱ्या मोजल्या, जपानीत.
एकविसाव्या पायरीला अडखळले.

दादा म्हणाला, सिंहगड रोडला जपानी बाग आहे की,
तिकीट काढ, पुलावर उभी राहा,
माशांशी बोल. झालं परदेश.

करंबेळकर सेन्सेई हसल्या नाहीत.
टोकियोच कशाला, म्हणाल्या,
भाषा काय फक्त राजधानीत बोलतात?
नकाशावर नखानं एक गाव दाखवलं,
समुद्राकडे पाठ करून बसलेलं.
शाळेत मुलं कमी, म्हणून फी कमी.
एका म्हातारीकडे खोली,
तिच्या मुळ्याच्या वाफ्यांना पाणी घातलं की भाडं निम्मं.
नऊ महिने. चार लाख दहा. विमान धरून.
मी वहीत तसंच उतरवलं: विमान धरून.
स्वारगेटहून सासवडची एसटी धरावी तसं वाटलं.

जपानीत नुसतं दोन म्हणून भागत नाही.
कागद दोन तर निमाई,
मांजरं दोन तर निहिकी,
लांबट काही असेल तर आणखी वेगळं,
आणि मी मार्क घालवते ते कायम इथंच.
शनिवारी मंडईत, गाळ्यावर, पोत्याला टेकून
घोकत बसले होते.
आईचे हात चालू, कान माझ्याकडे.
"त्यात काय एवढं?
मेथीची जुडी, लसणाचा गड्डा,
केळ्याची फणी, मिरचीचा वाटा.
मेथीचा गड्डा मागून बघ कुणाला,
येडी म्हणतील."
मग शेवग्याच्या दोन शेंगा नाकासमोर धरल्या.
"याला?"
निहोन.
"आणि त्यांच्या देशाला?"
तोही निहोनच.
तिनं शेंगा उलटसुलट करून पाहिल्या.
"वीस रुपयात जपान," म्हणाली,
आणि समोरच्या बाईंच्या पिशवीत घातला.

भिशी तिची होती, फेब्रुवारीत लागली.
गाळ्यावरच्या पत्र्यासाठी धरलेली.
मी म्हटलं, पत्रा?
म्हणाली, पत्रा जूनला गळतो.
आत्ता जून आहे का?

घरातून निघताना तिकडे म्हणतात, इत्ते किमासु.
माझ्या पुस्तकात त्याचा अर्थ
इंग्रजीत, तीन ओळी, कंसासकट,
तरी वाचून काही कळत नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
जाऊन येते.
सेन्सेईंनी वही तपासताना
तिथं टिक केली नाही, काही नाही,
थोडा वेळ बोट ठेवलं फक्त.

आता अर्ज भरायचा.
नाव त्यांच्या लिपीत हवं, आणि त्या लिपीला
अक्षर मध्येच मोडायची सवय नाही,
प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटवूनच पुढं जाते.
रासकर होत नाही. होतं रासुकारु.
सेन्सेईंचा फोन आला तो गाळ्यावर, भर गर्दीत,
स्पीकर चुकून चालू राहिला:
"रासुकारु-सान, फोटो दोन लागतील हं, निमाई."
आईनं बटाट्याच्या पोत्याची सुतळी सोडली होती.
हात थांबला.
"रास करू? कोण विचारतंय?"
मी म्हटलं, अगं, मला हाक मारतायत. आपलं आडनाव आहे ते.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग पोतं माझ्या बाजूला कललं.
"मग कर की. बसलीस काय?
आणि नीट कर, पलीकडे घरंगळले
तर त्या वाघोलीकरणीचे होतात."