ढील

डंडीत डिसेंबरात साडेतीनला अंधारतं.
दिवा न लावता मी शिश्या मोजते:
दोन ऑक्सिजनची, तीनची, चारची.
आत पातळ मधासारखं तेल,
चव घ्यायची नाही असा मध.
प्रत्येक साखळीच्या एका टोकाला अझाइड,
दुसऱ्याला अमाइन, टोपी घातलेलं,
वेळेआधी कुणाशी सूत जुळू नये म्हणून.
टोपी आम्लात उतरते. थोडी फसफस,
मग टोक उघडं, भुकेलं.

तीन वर्षं मी एवढंच करते. मधला धागा.
एका टोकाला लोक जोडतात
बिघडलेलं प्रथिन धरणारा रेणू,
दुसऱ्याला पेशीतल्या मुकादमाला हाक मारणारा,
जो निकालाची चिठ्ठी डकवतो
आणि माल भरडायला धाडतो.
शोधनिबंधात दोन्ही डोक्यांना नावं असतात.
माझ्याबद्दल एक ओळ: योग्य लांबीचा दुवा वापरला.
योग्य.
त्या शब्दात माझे एकशे चौदा दिवस आहेत
आणि अंगठ्यावरचा पिवळा डाग.

चारचा चालला नाही.
सहाचा केला, तर लॉक्लन म्हणाला,
इशबेल, हे नाकापेक्षा मोती जड,
पेशीच्या भिंतीतून आत शिरणार कसं?

रविवारी आर्ब्रोथला बाबांना विचारलं.
चाळीस वर्षं त्यांनी होडी बांधली आणि सोडली.
म्हणाले, आखूड बांधशील
तर ओहोटीला होडी दोरावर लटकेल.
लांब सोडशील
तर शेजारच्याचा रंग खरवडून येईल.
मग किती?
दोराला काय विचारतेस, पोरी? पाण्याला विचार.
आणि चहात बिस्किट बुडवत बसले.

पाचचा केला.
मार्चमध्ये लॉक्लन जेलचा फोटो घेऊन जिन्यावरून धावत आला.
चौथ्या रांगेतली काळी रेघ
नव्हती.
आमच्या धंद्यात पेढे वाटायचे ते असे,
काही न दिसण्याबद्दल.
आणि धागा? तो संपत नाही.
प्रथिन भरडलं जातं, हा सुटतो,
पुढच्याच्या गळ्यात पडतो.

पण उजवीकडे, जिथे औषध सगळ्यात जास्त,
तिथे रेघ परत उमटली होती, ठसठशीत.
धागे इतके झाले
की प्रथिनाच्या हाती एक, मुकादमाच्या हाती दुसरा,
दोघेही बांधलेले
आणि एकमेकांना न भेटलेले.
मी तो फोटो बराच वेळ धरून उभी होते.
भावाला दोन वर्षांत मी किती पत्रं लिहिली,
बाबांशी बोल म्हणून,
आणि बाबांना किती फोन.

या रविवारी गेले नाही.
पाचच्या शिशीवर चिठ्ठी लिहिली, तारीख, वजन.
उणे वीसच्या थंडीत काचेवर दव धरतं,
पेन उमटत नाही.
बोटाने पुसलं, पुन्हा लिहिलं.