पेवात कंदील

मार्केट यार्डात, हळदीच्या पिवळ्या धुळीत
आदगोंडा मगदूम वाट बघत उभे होते,
जुना सीपीयू लेकरासारखा कडेवर घेऊन.
"ह्यातलं त्यात घाल बाई," एवढंच म्हणाले.

त्यात म्हणजे नव्यात.
नवा टेबलावर, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.
ह्यात म्हणजे एकोणीसशे त्र्याण्णव:
आडत, हमाली, तोलाई, सेस,
तळाला उचल वजा,
सगळं सुकुमार उपाध्येनं लिहिलेलं
विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत, रात्री, पंख्याखाली.
उपाध्ये आता नाही.
त्याची फाईल आहे, अडीचशे केबीची.
मगदुमांच्या नातवाचा एक फोटो हिच्या दहापट भरेल.

क्लिक केलं.
नव्यानं अगदी सभ्यपणे कळवलं,
हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही,
बनवणाऱ्याशी संपर्क साधा.
मगदुमांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.
मग म्हणाले, "कुठं? अमरधामला जाऊन?"

धाकटे मालक शीतल खुर्चीतूनच बोलले,
"काका, नवीन घेऊया की. पेव फुटलंय असल्या सॉफ्टवेअरचं.
मोबाईलवर दिसतंय सगळं, घरी बसून."
काका गप्प.
त्यांची बोटं मात्र हवेत चाललेली:
तीन, एंटर, एंटर, एफ-टू,
गणपती पेठेतनं अंधारात घरी जाणाऱ्या माणसासारखी.

पेव फुटलंय म्हणाले,
तेव्हाच सुचलं की आपण एक खणावं.
हरिपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको:
जमिनीच्या पोटात रांजणासारखी जागा,
तोंड मातीनं लिंपलेलं,
आत हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी,
आणि वरून म्हशी चालल्यात.
तसंच हे. नव्याच्या पोटात एक खिडकी,
खिडकीत सगळा काळोख, सी कोलन,
आणि लुकलुकणारी एक रेघ.
आत असलेल्याला कळायचंच नाही
वर कुठलं साल चालू आहे.

पेव उघडलं की हमाल आधी कंदील सोडायचे.
विझला, तर उतरायचं नाही.
मी एक खोटी पट्टी सोडली,
एक पोतं, एक रुपया.
विझली.
चूक: शून्यानं भागाकार.

दुपार गेली कारण शोधण्यात.
उपाध्येचा प्रोग्रॅम उठल्या उठल्या
एक क्षण किती लांबीचा आहे ते मोजायचा,
आणि त्या मापानं पुढचं सगळं भागायचा.
मी नव्याचा वेग मोकळा सोडलेला.
क्षण मोजला, उत्तर आलं शून्य.

मग वेग कमी केला. आणखी कमी.
सोळा जीबीच्या त्या घोड्याला
बैलगाडीमागं चालायला लावलं,
आणि मी खाली उतरले.

निळा पडदा आला.
हिशेब लावायला लागला, रेंगाळत,
आणि मधोमध, इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
थांबा. वेळ लागेल. चहा घ्या. उपाध्ये.

मगदुमांनी चष्मा वर केला.
"अकरा मिनिटं लागायची तेव्हा," म्हणाले,
"मी ओरडलो होतो त्याच्यावर.
दुसऱ्या दिवशी ही ओळ घालून आला."
आणि दाराकडं न बघताच पोराला हाक दिली,
"तीन आण रे. एकात साखर कमी."
आम्ही तिथं चौघं होतो. कमी साखरेचा कोण घेत नव्हतं.
मी काही विचारलं नाही.

प्रिंटर जोडला गेला नाही.
त्याच्या वायरीच्या तोंडाला नव्यात जागाच नाही.
उद्या मिरजेहून काहीतरी आणून बघते म्हटलं.
शीतल म्हणाले, "आणि हे चालणार किती दिवस?"
मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

कवठे महांकाळचा एक शेतकरी सकाळपासून पट्टीसाठी बसून.
मगदुमांनी पडद्यावरचे आकडे बघत बघत
पट्टी हातानं लिहिली,
आणि सही करताना
तारखेतलं साल लिहायला जरा थांबले.