मूठभर मांस

त्याचा तीनशे अठ्ठ्याण्णवावा होम रन
माझ्या डाव्या करंगळीवर उतरला.
हातमोजा नव्हता. एका हातात बिअर,
दुसरा नुसताच वर,
दुरून ओळखीचं कुणी दिसल्यावर करतो तसा.
करंगळी मोडली. बिअर पुढच्या रांगेतल्या बाईच्या केसांत.
ती ओरडली नाही.
वळली, आणि मला मिठी मारली तिनं.
ओहायोतलं आमचं टायरचं गाव
त्या उन्हाळ्यात इतकं खुळावलं होतं.

डेल प्रूइट.
एप्रिलात आला तेव्हा त्याला मान होती.
जूनपर्यंत मान कुठं संपते, खांदा कुठं लागतो,
सांगता येईना.
टोपी बदलली, मग पुन्हा मोठी टोपी.
पाणी कुठं मुरतंय
ते वरच्या स्वस्त रांगांतूनही दिसत होतं.
पण मुरत होतं ते आमच्याच मुळांशी.
कारखान्याचे तीन पट्टे बंद, थिएटरला फळ्या ठोकलेल्या,
आणि हा बुवा रोज रात्री
चेंडू कुंपणापार, पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवर.
मांस त्याच्या एकट्याच्या अंगावर नाही चढलं.
आम्हा सगळ्यांच्याच चढलं,
मूठमूठभर.

नोव्हेंबरात कागद बाहेर आले.
तारखा, कुप्यांचे नंबर, कुण्या जिमवाल्याची सही.

लुबोमिरनं बारमधला त्याचा फोटो उतरवला.
भिंतीवर फिकट चौकोन उरला.
तिथं दुसरं काही टांगलं नाही त्यानं,
लोक त्या चौकोनाकडे बघत पितात.

वेन्डेल म्हणाला, सगळेच घेत होते.
घटस्फोटाच्या वेळीही तो
असंच काहीसं म्हणाला होता.

ग्लेन्डा बोहॅनन, सातवीला गणित शिकवते.
तिच्याकडे सगळे सामने पेन्सिलीनं लिहिलेले.
खोडरबर घेऊन बसली, त्याची प्रत्येक धाव पुसायला.
तिसऱ्याच पानावर अडली:
ह्याचा फटका पुसला
तर पहिल्या बेसवर उभा असलेला तो नवखा पोरगा
घरी पोचला कसा?
उत्तर जुळेना.
पान तसंच आहे, अर्धं पुसलेलं,
कागदाला थोडी लव आलेली.

पुढच्या एप्रिलात तो मैदानात उतरला, दुसऱ्या संघाकडून.
गेटबाहेर कुणीतरी प्लॅस्टिकच्या सिरिंजा विकत होतं,
दोन डॉलरला तीन.
मी घेतल्या.
फेकायला हात उचलला आणि खांदा कटकन वाजला,
उजवा, पट्टा क्रमांक चारवरचा.
कंपनीच्या डॉक्टर ह्रुस्कानं ह्याच खांद्यात
दर सोमवारी सुई टोचली होती, अकरा आठवडे,
आणि मी दोन-दोन पाळ्या ओढल्या होत्या.
काय होतं त्यात, मी विचारलं नाही.
त्या वर्षीचा 'कर्तबगार कामगार' मी.
पितळी पाटी अजून आहे घरात.
कारखान्याच्या दारात
माझ्या नावानं कुणी बोंब मारली नाही.

सिरिंज खिशातच ठेवली मी.
नाही, खोटं कशाला.
फेकली.
मैदानापर्यंत पोचलीच नाही,
तीन रांगा खाली एका पोराच्या पॉपकॉर्नमध्ये पडली.
त्यानं मागं वळून पाहिलं.
माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे.

चेंडूला त्या जुलैत चाळीस हजार देत होते,
मी नाही म्हणालो होतो, जरा ताठ मानेनं.
आता मॉलमधला दुकानदार म्हणतो ऐंशी.
सही आहे का त्यावर?
नाही म्हटलं.
बरं झालं, म्हणाला, सही असती तर साठ.

फ्रिजवर साखरेच्या रिकाम्या बरणीत आहे तो.
शिवणीवर एक तपकिरी ठिपका. रक्त माझं,
त्यात बिअरखेरीज काही नव्हतं.
तो फटका खोटा होता म्हणतात.
असेल.
तळ्यावरून बर्फ निघालं की आदल्या रात्री
करंगळी ठणकायला लागते.
रेडिओचा अंदाज चुकतो कधीकधी,
तिचा अजून चुकलेला नाही.